मथुराने न केलेली मागणी

मथुरा नाटेकर तेवीस वर्षं कोळंबी सोलत होती. कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीची गाडी तिला सकाळी सहाला मिरकरवाडा बंदराजवळून उचलायची. पांढरा डगला, टोपी, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले की संध्याकाळपर्यंत हात बर्फात. तिच्या हातची कोळंबी अमेरिकेला जायची. शेपूट न तोडता पाठीतला काळा धागा एका ओढीत कसा काढायचा, हे नव्या बायकांना तीच शिकवायची. नवरा गेल्यावर याच कामावर तिने मुलीला, सलोनीला, बीकॉम केलं.

दोन हजार पंचवीसच्या ऑगस्टअखेरीस सुपरवायझर सुजयने सगळ्या बायकांना टेबलांपाशी थांबवलं. अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावलाय, तिकडची मागणी थांबलीय, म्हणाला. "उद्यापासून निम्म्याच बायका येतील. यादी दाराला लावलीय."

मथुराचं नाव त्या यादीत राहिलं होतं. तिच्या शेजारी अठरा वर्षं बसणाऱ्या, वाड्यातल्याच केरूच्या बायकोचं नव्हतं. ती बूट धुऊन ठेवून गेली.

कामगारांसाठी धावपळ करणारा काशीराम दोन दिवसांनी घरी आला. कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायचं होतं.

"वहिनी, त्यांनी आपल्या कोळंबीवर कर लावला ना? मग त्यांच्या इंटरनेटच्या कंपन्या इथे जाहिरातींवर एवढं कमावतात, त्यांच्यावर आपण लावावा. हीच मागणी आहे. सगळ्यांत जुन्या तुम्ही, तुम्हीच बोला."

मथुराला ते पटलं. तिने दोन वाक्यं पाठ केली आणि सलोनीला म्हणून दाखवली.

सलोनी घरूनच काम करायची. गणपतीपुळ्याच्या घरगुती लॉजवाल्यांच्या, आंबेवाल्यांच्या जाहिराती ती त्याच परदेशी कंपन्यांच्या साइटवर लावून द्यायची. तिने लॅपटॉप मिटला.

"आये, असा कर आपल्याकडे होता. सहा टक्के. अमेरिकेशी बोलणी नीट व्हावीत म्हणून या एप्रिलात काढला म्हणतात."

"आणि तरी त्यांनी आपल्यावर लावला?"

"लावला."

"मग परत लावायला काय झालं?"

"त्या कंपन्या स्वतःच्या खिशातून थोड्याच भरतील? जाहिरातीचा दर वाढवतील. मग आमची गिऱ्हाइकं पहिली जाहिरात बंद करतील, आणि मग मी घरी."

"घरीच तर आहेस गो," मथुरा म्हणाली. दोघी हसल्या, पण ते हसू टिकलं नाही.

कचेरीत तीस-चाळीस बायका होत्या. एका अधिकाऱ्याने त्यांना आत बोलावलं, मथुराला खुर्ची दिली. काशीरामने मान हलवून खूण केली. पाठ केलेली वाक्यं तिला आठवत होती, पण तोंडातून निघेनात.

"साहेब, आमचं काम आम्हाला परत मिळावं," एवढंच ती म्हणाली.

अधिकाऱ्याने काशीरामने दिलेलं निवेदन सगळं वाचलं. "बाई, हे इथे ठरत नाही. मी वर पाठवतो." त्याने पोच दिली. शिक्का नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा मारला.

बाहेर आल्यावर काशीराम म्हणाला, "कराचं का नाही बोललात?"

"माझी पोरगी त्याच जाहिरातींच्या कामावर आहे, काशीराम."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने पोच घडी करून खिशात ठेवली.

ऑक्टोबरात दुसरी यादी लागली. त्यात मथुराचं नाव नव्हतं. त्या इंटरनेटच्या कंपन्यांवर कुठला कर लागला नाही, कोळंबीची मागणीही परत आली नाही. आता ती सकाळी बंदरावर जाते, कुणाच्या तरी जाळ्यातली मासळी निवडून देते. काम रोज असतंच असं नाही. सलोनीची दोन गिऱ्हाइकं धंदा मंद म्हणून कराविनाच सुटली.

डिसेंबरात काशीराम नवं निवेदन घेऊन आला. मागणी तीच होती. मथुराने कागद वाचून सही केली.

संध्याकाळी तिने सलोनीला सांगितलं, "मी सही केली गो."

सलोनीने वर पाहिलं. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली. ते तिने कशा अर्थाने म्हटलं, हे मथुराने विचारलं नाही.