मामांची ढोलकी आणि माझा चालू प्रोग्रॅम

नोकरीचं काम घरून करायला लागल्यापासून मी आमगावला आईबाबांकडे राहते. एका गोष्टीवर टिकून राहणं मला कधी जमलंच नाही. काम संपलं की मी लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेत ताल लिहीत बसायचे. त्यात प्रोग्रॅम थांबवावा लागत नाही. ठेका वाजत असतानाच एखादी ओळ बदलायची, की पुढच्या आवर्तनापासून तो नव्या वळणानं वाजतो. माझ्या चुळबुळ्या बोटांना हे फारच मानवलं.

माझे मामा धानाची शेती करतात आणि दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवतात. त्यांच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दुपारी आम्ही दोघांनी मिळून वाजवायचं ठरलं. सरावातच ते वैतागले.

"काऊन बदलवून राहिली? हात बसला नाही, तं तू दुसरंच लावते."

"मामा, त्यातच तर गंमत आहे."

"गंमत तुले. मी कायले आहो मंग?"

मंडईच्या दिवशी मी दोनदा ठेका बदलला. मामांनी कसंबसं निभावलं. तिसऱ्यांदा मात्र माझा एक कंस राहिला. लिस्पमध्ये सगळं कंसातच असतं. एक कमी पडला तरी नवी ओळ चालत नाही. जुनाच ठेका वाजत राहिला. लॅपटॉपवर ऊन पडलं होतं, मला काही दिसेना. मी घाबरून कंस मोजत होते, पुन्हा पुन्हा चुकत होते.

आणि शेजारी मामा सुटले. त्या एकाच ठेक्यावर त्यांनी असं काही वाजवलं, की जिलेबीच्या दुकानापाशी उभी असलेली माणसंही पुढे सरकली. कंस सापडला तेव्हा मी नवी ओळ चालवलीच नाही. पण हात मांडीखाली दाबून बसावं लागलं.

"आज बरी वाजवली तू," मंचावरून उतरल्यावर मामा म्हणाले.

"मी काहीच केलं नाही, मामा. अडकले होते."

"मले वाटलं, तू माझ्यासाठी थांबून राहिली."

ते मला फार लागलं. त्यानंतर शेजारच्या गावात वाजवताना आम्ही ठरवलं, की त्यांनी मान हलवल्याशिवाय मी बदलायचं नाही. ते मान हलवतात, पण सावकाश. तोवर माझा जीव नुसता वरखाली होत राहतो.