उपस्थितांत नसलेले नाव

"सिस्टर, तुम्ही बसू नका. कॉफी सांगायला उठावेच लागेल," संचालक म्हणाले. टेबलाभोवतीचे सगळे हसले.

मी बसले नाही. या रुग्णालयातील सर्व परिचारिकांची मी अधीक्षक. बैठकीचा विषय आमचाच होता. पाळी बदलताना रुग्णाच्या खाटेशी उभे राहून एकीने दुसरीला त्याची अवस्था सांगायची, ही पद्धत नव्या रचनेत बंद होणार होती. सारे संगणकावर लिहायचे, पुढच्या पाळीने तेथेच वाचायचे. वेळ वाचेल, म्हणे. खाटेशी उभे राहिले की निळे पडलेले ओठ दिसतात, हे सांगायला मी तोंड उघडले.

"सिस्टर, ते नंतर."

कॉफी आली. ते 'नंतर' आले नाही.

दार काचेचे होते. बाहेर तिसऱ्या मजल्याच्या वॉर्डची प्रमुख सेल्वी थांबली होती. मी बाहेर येताच ती तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, आत कसली पूजा होती? शेवटपर्यंत उभ्याच होतात!"

मला हसू आले नाही. मैलापूरच्या देवळात मी लहानपणापासून हात जोडून उभी राहते. माझे वडील संस्कृतचे अध्यापक. विनय त्यांनी शिकवला. तो मी गाभाऱ्यापुढे वाहिला, आणि तसाच खुर्च्यांपुढेही. चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी बैठकीचे इंग्रजी इतिवृत्त सहीसाठी आले. उपस्थितांत सहा नावे. माझे नाही. खाली मात्र एक ओळ: परिचारिका विभागाची संमती आहे.

उपस्थित. वडिलांनी या शब्दाची फोड करून दिली होती. उप म्हणजे जवळ, स्थित म्हणजे उभा. त्या खोलीत उभी एकटी मीच होते. आणि रुग्णाजवळ अहोरात्र ज्या उभ्या असतात, त्यांना माझ्याच सहीने दूर न्यायचे होते.

मी कागद घेऊन संचालकांकडे गेले. न विचारता खुर्ची ओढली. बसले.

"एक सही, सिस्टर. निवृत्ती जवळ आली, आता कशाला वाद?"

त्या ओळीवर मी काट मारली. खाली लिहिले: मी उपस्थित होते. मला विचारले नाही. संमती नाही.

"हे चालणार नाही."

"मग पाळी बदलताना वॉर्डात या. खाटेशी उभे राहा. मग बोला."

निवृत्तीला आठ महिने आहेत. संगणक येऊ देत, आम्ही शिकू. खाट सोडणार नाही. पुढच्या बैठकीला सेल्वी माझ्यासोबत येईल. दोन खुर्च्या लागतील. नसतील तर वॉर्डातून उचलून नेऊ. यापुढे मी दोनच ठिकाणी उभी राहीन: देवापुढे आणि रुग्णापाशी.