वाडीतल्या एक बाई

माझी जीभ तिखट आहे आणि हे मी आयुष्यभर कौतुकाने सांगत आलो. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो आणि रविवारी बडोद्यातल्या सोसायट्यांमध्ये बुवाबाजीविरुद्ध कार्यक्रम करायचो. आमचं सात-आठ जणांचं मंडळ. जिभेवर कापूर पेटवणं, नारळातून धूर काढणं हे कोणीही करी, पण माईक माझ्याकडे. कारण मी हसवायचो. ‘काकांना बोलवा, मजा येते,’ असं लोक म्हणत. विज्ञानाची बाजू लोकांपुढे कोणी मांडावी? अर्थात मी! असं मला खुशाल वाटायचं.

मंडळाचा एक नियम होता. उदाहरण देताना कोणाचं नाव घ्यायचं नाही. तो मी कधीच मोडला नाही. दोन वर्षांपूर्वी समा भागातल्या एका सोसायटीतही मोडला नाही. फक्त म्हणालो, "आपल्या वाडी भागात एक बाई आहेत." मग त्या बाई बाबांच्या मंतरलेल्या पाण्याची बाटली छातीशी धरून रिक्षात कशा बसतात, ‘भाई, धीरे चलावजो, आत बाबांचं पाणी आहे’ असं कसं म्हणतात, त्याची नक्कल केली. गुजराती कालवलेला तो मराठी आवाज मला हुबेहूब जमायचा. जमणारच, ती माझी सख्खी मोठी बहीण. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

आणि तिसऱ्या रांगेत ताई बसली होती. तिने माझा कार्यक्रम कधी पाहिला नव्हता. न सांगता आली होती, मला बरं वाटावं म्हणून. माझी नजर गेली तेव्हा ती उठून दाराशी चपला शोधत होती.

माफी मागायला हवी होती. नाही मागितली. उलट मनाशी म्हणत राहिलो, मी खोटं काय बोललो? नाव तरी घेतलं का? फोन केला की ती "बरी आहे" एवढंच म्हणे आणि ठेवून देई. बायको गेल्यापासून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. पूर्वी दर गुरुवारी ताईकडे जेवायला जायचो, तेही बंद झालं. दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून टीव्हीवरच्या ज्योतिषाशी भांडायचो. खरंच, मोठ्याने. शेजारच्यांना वाटे घरात पाहुणे आलेत.

या वर्षी ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताईने साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या. बाबांनी सांगितलं, पाणीच पुरेसं आहे. मी तसाच स्कूटर काढून वाडीत गेलो. ताईने चहा केला, गोळ्यांचं पाकीट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "घेते की." पाकिटातली एकही गोळी कमी नव्हती. मी घाबरलो. आणि घाबरलो की मी ओरडतो. इतकी वर्षं लोकांना शिकवतोय आणि माझ्याच घरात हे, असं काय काय ओरडलो. ती कपबशा विसळत राहिली. आमच्या आईचे पाय शेवटी साखरेनेच गेले होते. ताईचंही तेच होईल, या भीतीने मला झोप लागेना.

त्याच सुमारास मंडळाने ठरवलं, यापुढे माईक एका मुलीकडे द्यायचा. मुलगी म्हणजे तिशीची बाई, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी. "काका, तुम्ही नारळाचं सांभाळा," असं मला सांगण्यात आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा पहिला कार्यक्रम वाडीतच होता, ताईच्या गल्लीला लागून. मी जाणार नव्हतो. पण ताई येईल, निदान दिसेल, म्हणून गेलो आणि मागे खांबाआड बसलो.

ती मुलगी बोलली अगदी सपाट. एक विनोद नाही. मला तर जांभया आल्या. बोलून झाल्यावर ती खुर्ची उचलून खाली बायकांमध्ये जाऊन बसली आणि म्हणाली, आता तुम्ही बोला. बराच वेळ कोणी बोललं नाही. तिनेही घाई केली नाही. मी असतो तर एव्हाना दोन किस्से सांगून मोकळा झालो असतो.

मग ताईचा आवाज आला. "मी साखरेची गोळी सोडलीय. बाबांचं पाणी घेते."

आता कोणी तरी फिसकन हसणार. कोणी हसलं नाही.

"पाण्याने साखर उतरत नाही, माजी," ती मुलगी म्हणाली. "हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. पण गोळी का सोडावीशी वाटली?"

"घेतली की हातपाय कापायचे, घाम फुटायचा. वाटायचं, आता मरते."

"साखर फार खाली जात असेल. डॉक्टर डोस बदलून देतात. उद्या सकाळी लॅबमध्ये या, तपासू. मग मी येते तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे. पण इतके दिवस कोणाला विचारलं नाहीत?"

ताई थोडं हसली. "विचारणार कोणाला? भाऊ आहे माझा, फार शिकलेला. त्याला सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी माझ्या कापऱ्या हातांवर सगळी सोसायटी हसली असती."

दोन वर्षं मी समजत होतो की ती रुसलीय. रुसवा काढता येतो. ती मला घाबरत होती. माझी ताई, जिने मला अंघोळी घातल्या, ती मला घाबरून मरणाच्या दारात उभी होती आणि मी नियम पाळल्याची शेखी मिरवत होतो. लाज वाटली. अशी लाज, की उठता येईना.

बायका पांगल्या तशी ताई वळली आणि मी तिला दिसलो. तिचा चेहरा पार उतरला.

"तू? कधी आलास?"

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की खरं तेच बोलावं, कोणाला कितीही लागो.

"आत्ताच," मी म्हणालो. "स्कूटर पंक्चर झाली. कार्यक्रम संपला वाटतं? काहीच ऐकायला मिळालं नाही."

"बरं झालं," ताई म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.