एकशे दहा किलो ओलं धान

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. तुमसरच्या एका राईस मिलच्या काट्यावर सेवकराम कापगतेनं तिसऱ्या बैलबंडीवरच्या पोत्यात नमुना काढायची परखी खुपसली, मूठभर धान काढलं आणि एक दाणा दाताखाली धरला. दाणा कट्कन फुटला नाही, दबला. "वीस टक्के ओल," तो म्हणाला. ओल मोजायच्या यंत्रानंही वीसच दाखवले.

१४ नोव्हेंबर १९८१, शनिवार. सेवकराम बी.एस्सी. होता, वय सत्तावीस वर्षं दहा महिने. नागपूरच्या एका संस्थेत व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मिळे, पण अठ्ठावीस पूर्ण झालेल्याला तिथल्या प्रवेश परीक्षेला बसता येत नसे. परीक्षा उद्या होती. गेल्या वर्षी प्रतीक्षा यादीत तो चौथा होता आणि बोलावणं तिघांना आलं. त्या परीक्षेनंतर तो संस्थेच्या वाचनालयाच्या खिडकीशी दहा मिनिटं उभा राहिला होता. आत त्याच्याच वयाची मुलं पुस्तकं उघडून बसली होती आणि त्यांना कोणी हाक मारत नव्हतं. वर्षभरात ती खिडकी त्याला काट्यावर उभं असताना कितीदा तरी आठवली.

हंगामात मिलला रविवारची सुट्टी नसते. भय्याजी काटा सांभाळत असतील तर जा, असं मालकानं सांगितलं होतं. एकसष्ट वर्षांच्या भय्याजींनी तीस वर्षं हाच काटा पाहिला होता. आता गुडघ्यांमुळे ते स्टुलावर बसून पावत्या लिहीत. दाणा दाताखाली ओळखायला सेवकरामला त्यांनीच शिकवलं होतं. उद्याबद्दल ते चार दिवस एक शब्द बोलले नव्हते.

बंडी गेली. सेवकरामनं पोत्यांवर ठेवलेलं पुस्तक उघडलं.

"आयका जी. एकशे दहा किलो धान, वीस टक्के पाणी. वाळवून बारा टक्क्यावर आणलं. वजन किती?"

"हे काय परीक्षेत विचारतेत?" भय्याजी हसले. "टक्क्याले टक्का कापाचा. आठ टक्के गेले. एकशे एक किलो, दोनशे ग्राम."

"मागच्या साली असाच आला होता. मीनं हेच लिवलं. अख्ख्या पेपरात तेवढ्याच उत्तराची मले खात्री होती."

"मंग?"

"चुकलं. पाणी उडते भय्याजी, दाणा थोडी उडते! एकशे दहातलं बावीस किलो पाणी. कोरडा माल किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"वाळल्यावर?"

"तेवढाच राहीन ना बाप्पा."

"आता पाणी बारा टक्के. म्हणजे हे अठ्ठ्याऐंशी किलो शंभरातले अठ्ठ्याऐंशी झाले. वजन भरते शंभर किलो."

भय्याजींनी पावतीच्या मागं आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "म्हणजे तीस वर्षं आपण कमीच कापून राहिलो. दर एकशे दहा किलोमागं सव्वा किलो पाणी मालकाच्या गळ्यात."

"होय जी."

"मालकाले सांगू नोको."

दोघंही हसले. त्या एका प्रश्नानंच प्रवेश हुकला, असं कोणी सांगू शकत नव्हतं. सेवकरामनं मात्र तो प्रश्न वर्षभरात इतक्यांदा सोडवला होता की पुस्तकाचं ते पान सुटं झालं होतं.

"पास झाला तं परत येशील काय रे, सेवक्या?"

"सुट्टीत येईन."

"सुट्टीत पाव्हणे येतेत."

सेवकरामनं पुस्तक मिटून परखी उचलली. चौथी बंडी फाटकातून आत येत होती. भय्याजी गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी त्याच्या हातातली परखी काढून घेतली, पोत्यात खुपसली आणि दाणा दाताखाली धरला.

"अठरा," ते म्हणाले. यंत्रानं अठराच दाखवले. "दात अजून शाबूत हायेत. पावत्या मालक लिवीन. तू जा उद्या."

तुमसर रोड स्टेशनवरून नागपूरची पॅसेंजर पहाटे पावणेसहाला सुटते. मिलचा काटा रविवारीही सातला सुरू होतो.