ऑपरेटरबाईंची तीन मिनिटं

ऑपरेटरबाईंनी एकोणीस वर्षं कारखान्याचा टेलिफोन बोर्ड सांभाळला आणि एकदाही कुणाचा फोन मध्येच कापला नाही. ट्रंककॉलची वेळ भरली तरी बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या, मग गोड आवाजात सांगायच्या, "आपली तीन मिनिटं झाली." आणि त्यांना नोकरीवरून काढलं कशासाठी? तर फोन कापला म्हणून!

झालं असं की, मालक परदेशी गिऱ्हाइकाशी बोलत होते. हेडक्लार्कला बायकोला फोन लावायची घाई. बाई पाणी प्यायला उठल्या तेवढ्यात या शहाण्याने हाताला लागेल ती वायर उपटली. बाईंनी परतताना ते डोळ्यांनी पाहिलं, पण साक्षीला दुसरं कोण होतं? ऑर्डर हातची गेली. हेडक्लार्क सगळ्या ऑफिससमोर तोंड वर करून म्हणाला, "बाईंचं कामात लक्षच नसतं." लोकांना ते पटलं.

त्या दिवशी बाईंनी डूख धरला तो धरलाच. पुढच्या सव्वीस वर्षांत गुडघे गेले, दात गेले, डूख काही गेला नाही.

यंदा सुनेने बातमी आणली. कारखान्यातल्या जुन्या मंडळींनी चॅट रूम काढली होती. "लिहायचं, बोलायचं, आणि रविवारी सगळे एकमेकांना दिसतात. ॲडमिन कोण आहे सांगू, आई? तुमचा हेडक्लार्क."

"घाल मला त्यात. आत्ताच्या आत्ता."

सुनेने साखरेच्या डब्याला फोन टेकवला आणि शिकवणी सुरू केली. बोलण्याचं बाईंना चटकन जमलं. टाइप करताना मात्र नाकी नऊ आले. कॅमेऱ्याचं तर विचारूच नका.

"आई, फोन जरा खाली करा, सगळ्यांना नुसतं कपाळ दिसतंय."

"दिसू दे. ह्याच माथ्यावर खापर फोडलंय त्याने."

पहिल्याच रविवारी बाईंनी सरळ विचारलं, "काय हो हेडक्लार्क, त्या दिवशी वायर कुणी ओढली?" लगेच बाईंच्या माइकवर लाल रेघ आली. बाई बोलत राहिल्या, कुणाला ऐकूच जाईना.

"त्याने तुम्हाला म्यूट केलं," सून म्हणाली.

मेल्याने दुसऱ्यांदा तोंड बंद केलं! बाईंनी फोन सुनेपुढे सरकवला. "मला माझी स्वतःची रूम काढता येते का गं?"

"पाच मिनिटांत."

हेडक्लार्कच्या रूममध्ये तो एकटाच भाषणं ठोकायचा. बाईंना माणसं जोडून देण्याची सवय. त्यांनी कॅन्टीनवाला आणि स्टोअरकीपर यांची अकरा वर्षांचा अबोला मोडला. टायपिस्टबाईंना कमी ऐकू यायचं, तर बोललेलं सगळं त्यांच्यासाठी लिहायचं काम एकाला लावून दिलं. महिन्याभरात तिकडची माणसं इकडे आली. तिकडे उरले हेडक्लार्क आणि त्याचा मेहुणा. बाईंना मनातून गुदगुल्या होत होत्या.

मग एका रविवारी सकाळी फोनवर विनंती आली: हेडक्लार्कला आत यायचं आहे. बाईंनी चष्मा पुसला, चहा टाकला, सावकाश प्यायल्या.

"आई, अर्धा तास ताटकळतोय तो."

"ताटकळू दे. लाइन बिझी आहे म्हणावं."

शेवटी घेतलं त्याला आत. बावीस चेहरे बघत होते. बाई म्हणाल्या, "काय झालं होतं ते सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर आल्या वाटेने जा."

तो म्हणाला, "वायर मी ओढली होती. बाईंची काही चूक नव्हती."

टायपिस्टबाईंनी लिहून आलेलं दोनदा वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. स्टोअरकीपर पुटपुटला, "अरेरे, आणि आम्ही इतकी वर्षं बाईंनाच नावं ठेवली हो." एवढं ऐकायला सव्वीस वर्षं काढली होती. रडू येईल असं बाईंना वाटलं होतं, पण आलं नाही.

हेडक्लार्कला धीर आला. "झालं गेलं विसरून जा, बाई. ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. दिवस दिवस तोंड उघडत नाही मी. मला इथे राहू द्या, मी नुसता एका कोपऱ्यात..."

बाई खुर्चीत ताठ झाल्या. बोर्डावरचा तो जुना, गोड आवाज त्यांनी लावला.

"आपली तीन मिनिटं झाली."

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बोलत्या माणसाचा फोन मध्येच कापला.