मागचे काका आणि जास्वंदीचे चोर

देवाने माणसाला दोन डोळे दिले ते एकाने जास्वंद पाहावी आणि दुसऱ्याने ती तोडायला आलेल्याला पाहावे म्हणून, अशी आमच्या मागच्या काकांची पक्की समजूत होती. मागचे म्हणजे आमच्या पाठीमागच्या क्वार्टरमधले. भोपाळच्या त्या कारखान्याच्या वसाहतीत माणसांची नावे हजेरीपुरती असत. एरवी सगळे मागचे, पुढचे, वरचे नाहीतर कोपऱ्यावरचे. काका साताऱ्याकडून नोकरीला आलेले. कुठले यंत्र कुठे बसवायचे, माल कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार, हे ठरवणे त्यांचे काम. भोंगा झाल्यावर बाकीचे लोक काम कारखान्यात ठेवून येत, काका ते सायकलवर घालून घरी आणत. काकूंच्या स्वयंपाकघरातले डबे त्यांनी एकदा वापराच्या क्रमाने लावले. संध्याकाळपर्यंत काकूंनी ते होते तसे करून टाकले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “नवी पद्धत रुळायला वेळ लागतो.” एका गणेशोत्सवात त्यांनी पंगतीचे वाढप हातात घेतले. आमटीवाला आणि ताकवाला एकमेकांना आडवे जाता कामा नयेत म्हणून जमिनीवर खडूने बाण काढले. धक्काबुक्की खरोखरच झाली नाही. फक्त एका रांगेला लाडू दोनदा मिळाले आणि दुसऱ्या रांगेला मीठ शेवटपर्यंत दिसले नाही.

पण त्यांचा खरा जीव होता कुंपणाच्या आतल्या दुहेरी जास्वंदीवर. आमच्या वसाहतीत पूजेची फुले विकत घेणे कमीपणाचे मानत. पहाटे बायका पिशवी आणि आकडी घेऊन ‘फिरायला’ निघत आणि दुसऱ्याच्या कुंपणावरून देवाची सोय करून परतत. या मंडळींची म्होरकी माझी आई. “चोरीचं फूल देवाला जास्त पावतं,” असे ती छातीठोकपणे सांगे आणि स्वतःच्या अंगणातल्या फुलाला हातही लावत नसे. काकांनी ‘फूल तोडना मना है’ असा बोर्ड लावला, तो आईने आकडी टेकवायला वापरला. रोज पहाटे मागून “कोण आहे तिकडे?” अशी आरोळी उठायची, आई हसू दाबत घरात शिरायची आणि आम्हा मुलांना कळायचे की उठायची वेळ झाली.

पुढे मी लग्न करून पुण्याला आले, बाबा गेले, क्वार्टर सुटले. आईने पुण्याला यायला साफ नकार दिला. “तिथं माझ्याशी हिंदीतून भांडणार कोण?” म्हणाली आणि आनंद नगरच्या पुढे रायसेन रोडवर एका ट्रस्टचा वृद्धाश्रम होता, तिथे स्वतःच्या पसंतीने राहायला गेली. छान रमली होती. मग न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले, चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. वॉकर आणला, मालिशवाली लावली, मी रजा काढून येऊन विनवण्या केल्या. आईचे उत्तर एकच: “चालून जायचंय कुठे?”

काका तेव्हा अवधपुरीला राहत होते, एकटेच. काकू गेल्या होत्या. पेरूंची पिशवी घेऊन ते आईला भेटायला आले, खिडकीतून मागचे आवार पाहिले, तिथले गाजरगवत आणि विटांचे ढीग पाहिले, आणि आईची चौकशी अर्धवट सोडून खिशातून टेप काढला. दुसऱ्या दिवसापासून ते तिथे कामावर रुजू झाले. कुणी बोलावले नव्हते. तशी त्यांची अटही नव्हती. आधी त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांना पट्ट्या करकचून बांधल्या, चष्म्याच्या काचांना खोबरेल फासले आणि म्हाताऱ्या माणसाला जग कसे दिसते ते पाहायला आवारात उतरले. स्वतः पंचाहत्तरीला आले आहेत याची आठवण करून द्यायचे कुणाला सुचले नाही. त्या अवस्थेत त्यांनी नीलगिरीच्या खोडाला “नमस्ते, मैनेजर साहब” केले, असे तिथली आया अजून सांगते. पण त्यातून बाग उभी राहिली. गुडघ्यांना त्रास होऊ नये इतक्या उंच बैठकीचे बाक, हाताला सतत कठडा, कडेला ठळक पिवळे पट्टे, आणि वाट अशी गोल फिरवलेली की वाट विसरलेला माणूसही आपोआप दारातच परत यावा. कडेने तगर आणि जास्वंद लावली. शेवटी सवयीने तोच जुना बोर्डही ठोकला.

बाग फुलली आणि कुणीही फिरकले नाही. “बघायचीच तर खिडकीतून दिसते की,” आई म्हणाली. मागच्या काकांचा चेहरा तेव्हा पडला, तसा मी कधी पडलेला पाहिला नव्हता. मग एका सकाळी आईच्या देवाला बाजारातला झेंडू आला. बाहेर दारासमोरच्या कुंडीत दुहेरी जास्वंद उमललेली. आईने वॉकर ओढला, कुणाला न सांगता बाहेर पडली आणि फूल खुडले. बागेच्या कोपऱ्यातल्या काकांच्या खोपटातून आरोळी आली, “कोण आहे तिकडे?” ऑपरेशननंतर न्हाणीघरापलीकडे न गेलेली माझी आई त्या दिवशी ज्या वेगाने खोलीत परतली, तो पाहून आयाने मला पुण्याला फोन केला.

मॅनेजर मात्र घाबरले. “सर, बुजुर्गों को ऐसे डाँटना अच्छा नहीं लगता. बोर्ड हटा देते हैं.”

काका म्हणाले, “मैनेजर साहब, बोर्ड हटाया तो ये लोग फिर खिड़की पे बैठ जाएँगे.”

बोर्ड राहिला. हलली ती जास्वंद. काकांनी आईच्या दारासमोरची कुंडी वाटेवर थोडी पुढे सरकवली, काही दिवसांनी आणखी पुढे, मग वळणापलीकडे. फांद्या आखूड छाटल्या, फुले हाताशी यावीत म्हणून. चोराला दम लागतो हे ओळखून मध्ये एक बाक वाढवला. आईच्या पाठोपाठ आणखी तीन-चार आज्या सकाळी ‘फिरायला’ निघू लागल्या. एक आजोबा पहाऱ्याला उभे राहत आणि काका दिसले की खोकत. मी एकदा विचारले, “काका, तुम्ही हे नाटकच करता ना?” ते दुखावले. “छे! मी खरंच चिडतो. खोटं चिडलं तर त्यांना लगेच कळतं.”

माझी आई अंथरुणाला खिळली नाही. औषधांनी, मालिशने, माझ्या रडण्याने जे जमले नाही ते या माणसाच्या रागाने केले. मी काकांचे आभार मानायला गेले तेव्हा त्यांनी विषय बदलून खतावर नेला. म्हणून ते इथे मानते आहे.

परवा भोपाळला गेले होते. आई आता बरीच वाकली आहे, पण सकाळची फेरी सुटलेली नाही. मीही तिच्याबरोबर निघाले. काका खुर्चीत बसले होते, मान छातीवर कलंडलेली. आईने फूल खुडले आणि ती निघेना. फांदी धरून तिने एकदा हलवली, मग जरा जोरात. पाने सळसळली तसे काका दचकून जागे झाले आणि बारीक झालेल्या आवाजात ओरडले.

आई समाधानाने वळली. “हल्ली बसल्या बसल्या पेंगतात गं ते,” ती मला हळूच म्हणाली. “मी गेले निघून तर दिवसभर त्यांना उठवणार कोण?”