पहिल्या मिठाची पाटी

मिठावरची करवाढ इतकी हलकी आहे की ती कोणाला जाणवणारही नाही, अशा अर्थाचं एक वाक्य मी तरुणपणी वर्तमानपत्रात वाचलं, आणि अजून ते आठवलं की माझं डोकं फिरतं. पुढे तेच वाक्य मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलं. वकील बोलले, मामलेदार बोलले, एक देवभोळे पेन्शनर चहा पिता पिता बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. यातल्या एकानेही मिठागर जवळून पाहिलेलं नव्हतं.

मी मिठागरात जन्मलो. आमचं घर बाळकुमला, ठाण्याच्या खाडीच्या कडेला. आगर एका ठाण्यातल्या मालकाचं, पण त्यातल्या चार कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, पिढ्यान् पिढ्या आमच्या घराने पिकवलेल्या. दिवाळी झाली की कोंडीतला चिखल पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा टणक करायचा. मग उधाणाचं पाणी बांधातल्या उघाडीची फळी उचलून आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवायचं, आणि ऊन त्याला आटवेल तशी वाट पाहायची. वडील लवकर गेले. त्यांच्यामागे आई आणि थोरला भाऊ कोंड्या सांभाळत होते. मी शाळेत बरा निघालो म्हणून मला शिकू दिलं, आणि मी कल्याणच्या मराठी शाळेत दुय्यम मास्तर झालो. आमच्या गावातून पगार मिळवणारा मी पहिला. रविवारी ठाण्याला गाडीतून उतरून मी चालत घरी जात असे.

आमच्याकडे एक रीत होती. हंगामातलं पहिलं मीठ विकायचं नाही, ते गावदेवीचं. कोंडीत पहिली पांढरी साय धरली की एक पाटी भरायची आणि गावातल्या एखाद्या जाणत्या बाईने ती डोक्यावर चुंबळ ठेवून देवळात न्यायची. ती बाई अशी हवी की जिला गावात कोणाचा बोल लागलेला नाही. माझ्या आईने ती पाटी वर्षानुवर्षं नेली. देवळात त्या मिठाने भाताचा नैवेद्य व्हायचा, आणि उरलेलं मूठमूठ घरोघर जायचं. खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरी जास्त जायचं, कारण त्यांना मासळी खारवायची असे. बदल्यात कोळणी त्या दिवशी मासळीचे पैसे घेत नसत.

आता कायदा म्हणाल तर आगरातला मिठाचा खडा कर भरल्याशिवाय बाहेर नेता येत नव्हता. आगराच्या तोंडाशी मिठाच्या खात्याची चौकी होती. पण तिथला म्हातारा शिपाई पाटी आली की तोंड फिरवायचा, आणि परत येताना स्वतःच उपरण्याचं टोक पुढे करून आपली मूठ मागून घ्यायचा. त्यामुळे आमच्या लोकांनी एक चूक केली. आगरावर सरकारचा पहारा असला तरी पहिली पाटी सरकारनेच देवीला सोडलेली आहे, असं त्यांनी धरून ठेवलं. तसं कोणी लिहून दिलं नव्हतं. देवीकडे कर कोण मागणार, एवढाच त्यांचा हिशेब.

तर एका वर्षी पौषात करवाढीची बातमी आली. आमचे हेडमास्तर पुण्याकडचे, विद्वान गृहस्थ. मी त्यांना विचारलं की मिठावर कर वाढवायचं कारण काय. त्यांनी मला खुर्चीवर बसवून हिंदुस्थान सरकारचं बजेट समजावून दिलं, आणि खरं सांगायचं तर फार चांगलं समजावलं. ब्रह्मदेश जिंकला, तिथल्या फौजेला खर्च लागतो. सरहद्दीवर किल्ले आणि रस्ते बांधायचे आहेत. विलायतेत दरसाल पैसे पाठवावे लागतात, तिथल्या पेन्शनी, कर्जाचं व्याज, रेल्वेच्या कंपन्यांचा नफा. ते पैसे सोन्यात द्यायचे आणि आपला रुपया चांदीचा. चांदी उतरली की तेवढ्याच देण्याला जास्त रुपये लागतात. म्हणजे तूट आली. तूट भरायची तर कर वाढवायचा, आणि मिठावरचा कर वाढवणं सगळ्यात सोपं, कारण मीठ राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळे खातात.

मी विचारलं, तूट आली तर खर्च का नाही कमी करत. ते हसले. म्हणाले, घर आणि सरकार यांत हाच फरक. आपण जमा बघून खर्च करतो, सरकार खर्च ठरवतं आणि मग जमा करतं.

मला हे वाक्य तेव्हा फार हुशारीचं वाटलं. आज वाटतं, दरोडेखोरही असंच करतात. आणि ठरवणारे कोण होते? कलकत्त्याला कायदे करणाऱ्या कौन्सिलात आमच्यातर्फे निवडून गेलेला एक माणूस नव्हता. ही वाढ तर कोणाला न विचारता एका हुकुमाने झाली. आधी सावकार-नोकरदारांच्या मिळकतीवर कर बसवला तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरून ओरड झाली होती, कारण त्यांना लिहिता येत होतं. मिठाचा कर ज्याला बोचतो त्याला लिहिता येत नाही, आणि ज्याला लिहिता येतं त्याला तो बोचत नाही. म्हणून तो कोणाला जाणवत नाही.

हे मी हेडमास्तरांना जरा चढ्या आवाजात बोललो. त्यांनी चष्मा काढला. "सरकारचं मीठ खातोस आणि सरकारला नावं ठेवतोस?" ते म्हणाले. मी उठून माझ्या वर्गावर गेलो. पण सरकारचं मीठ! माझ्या आईच्या तळपायांना त्या मिठाने भेगा पाडल्या होत्या, त्यांत ती रात्री मेण भरायची. सरकारच्या कुठल्या पायाला भेग होती?

रविवारी घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. ब्रह्मदेश, चांदी, सोनं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि दुकानात मीठ महाग झालंय हे तिला आधीच ठाऊक असल्याचं सांगितलं. वाण्याने त्यात वाळू घालायलाही सुरुवात केली होती. कोळणी मासळीला मीठ कमी लावत होत्या आणि ती आठवडाभरात वास मारत होती. मीठ पिकवणाऱ्या आमच्या घरातसुद्धा आमटीत खडा मोजून पडत होता.

पण खरा घाव वेगळीकडून आला. कर वाढला की चोरून बाहेर काढलेल्या मिठाला भाव येतो. भाव आला की चोरी वाढेल, म्हणून खात्याने पहारे कडक केले. म्हाताऱ्या शिपायाची बदली झाली आणि चौकीवर नवा दरोगा आला. तोही बिचारा हुकुमाचा ताबेदार, हे मला आज कळतं, पण म्हणून राग कमी होत नाही. कलकत्त्याच्या एका हुकुमाला बाळकुमच्या चौकीपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

माघात पहिलं मीठ धरलं. आई नेहमीप्रमाणे पाटी घेऊन निघाली, मागे चार बायका. दरोग्याने थांबवलं आणि कर भरल्याची पावती मागितली. आईला वाटलं, नवा माणूस आहे, त्याला रीत माहीत नाही. तिने त्याला रीत सांगितली. तुमची मूठ येताना देते, असंही म्हणाली. त्याला ती लाच वाटली. त्याने पाटी उतरवली, तिच्यावर लाख लावून मोहर उठवली, आणि आईला ठाण्याच्या कचेरीत हजर राहण्याचा हुकूम दिला.

मी निरोप मिळताच आलो. माझ्यापुढे गोष्ट स्वच्छ होती. रीत जुनी आहे, गाव साक्षीला उभा राहील, म्हातारा शिपाई शोधून काढता येईल. मी स्वतः अर्ज लिहिणार होतो, नोकरी गेली तरी बेहत्तर. पण खटल्याच्या आदल्या दिवशी मालक आमच्या अंगणात आला. एरवी तो आगराच्या बांधावरूनच परत जायचा. तो ओसरीवर बसला आणि पाणीही न घेता बोलला. "ही रीत आहे असं कचेरीत निघालं, तर ती मला ठाऊक होती असं होतं. माझा परवाना जाईल, आगर बंद पडेल. बाईने म्हणावं, मी चोरलं, कोणाला ठाऊक नव्हतं. दंड मी भरतो."

आगर बंद म्हणजे आमच्या चार कोंड्याच नाहीत, सगळं गाव रिकामं. मी मालकाला नाही नाही ते बोललो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाने आपणच दोर गळ्यात घालायचा होता. मालकाने पायात वहाणा चढवल्या. त्याचं उत्तर त्याने आधीच दिलं होतं.

तो गेल्यावर मी आईला म्हणालो, तू असं काही बोलणार नाहीस. भाऊ आणि वहिनी भिंतीला टेकून बसले होते. आईने भावाच्या पोरांकडे पाहिलं.

"तुजा पगार हाय, पोरा," ती म्हणाली. "ह्यांना कोंडीशिवाय काय हाय?"

कचेरीत मी मागे उभा होतो. खटला चालवणाऱ्या साहेबाच्या कारकुनाने आईला विचारलं, हे मीठ कोणाचं. सरकारचं, ती म्हणाली. आणि तू ते चोरलंस? तिने मान हलवली. कारकून म्हणाला, तोंडाने बोल.

"चोरला मी," ती म्हणाली. जन्मात दुसऱ्याच्या बांधावरची काडी न उचललेली माझी आई.

दंड झाला, मालकाने भरला, आणि पुढे भावाच्या मजुरीतून हळूहळू वळता करून घेतला. जप्त केलेलं मीठ विकायला थोडं म्हणून ठाणे बंदरावरून खाडीत ओतून टाकलं. ज्या खाडीतून ते आम्ही काढलं होतं तिच्यातच. ते कोणाच्याच पोटात गेलं नाही. ब्रह्मदेशाच्या फौजेलाही त्याचा एक पैसा मिळाला नाही. बजेटातली ही तूट कोणत्या रकान्यात मांडतात, हे मी हेडमास्तरांना विचारणार होतो, पण विचारलं नाही. 

कोंड्या वाचल्या. दुसऱ्या वर्षी पहिलं मीठ धरलं तेव्हा गावातल्या बायका आमच्या दारात आल्या. पाटी आता चोरून नेता आली असती, किंवा कर भरून उजळ माथ्याने; त्यांनी घरोघर फिरून तेवढ्या पैशांची जमवाजमवही केली होती. आईने चुंबळ हातात घेतली नाही. मला बोल लागलाय, ती म्हणाली, आणि तोही माझ्याच तोंडचा. दुसरी कोणी पुढे आली नाही, कारण तिने पाटी उचलली असती तर आईला चोर म्हटल्यासारखं झालं असतं. त्या वर्षी देवीला अळणी भात गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग तीच रीत झाली.

बऱ्याच वर्षांनी, नवं शतक लागल्यावर, मिठाचा कर उतरला. तेव्हा मी कल्याणलाच, पण हेडमास्तर झालो होतो. बजेटात शिल्लक पडू लागली होती, सरकारला दया आली होती, आणि वर्तमानपत्रं आभार मानत होती. मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि बाळकुमला गेलो. आई थकली होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, आये, कर उतरला.

तिने हात पुढे करून ते पान चाचपलं.

"आनी माजा बोल?" तिने विचारलं. "तो पन उतरवला का त्यांनी?"

मी पानावर पुन्हा पाहिलं, जणू तिथे ते कुठे छापलेलं असेल. नव्हतं, आणि मी तिला तसं सांगितलं. गावदेवीचा भात आजही अळणी असतो.